गाडीची डावी बाजू

गजानन, तुझ्या तेरवीला आलेली माणसं जेवून उठली, की हात पुसत पुसत मागच्या शेडकडे जात होती. तुझी गाडी पाहायला. आणि सगळी उजव्या बाजूलाच उभी राहत होती. त्या आकाशी फायबरमध्ये त्यांना आपापला चेहरा दिसत होता, शेडचे पत्रे दिसत होते, पत्रावळी उचलणारी बाई दिसत होती. एक जण म्हणाला, "काय हात होता राजा गजाननचा!" दुसऱ्याने मान हलवली. मी पाण्याचा जग धरून तिथंच उभा होतो. मला वाटलं, आता कोणी तरी वळसा घालून डावीकडे जाईल आणि विचारेल, ही बाजू अशी राखेसारखी काहून? कोणी गेलं नाही. मला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. तुझ्या तेरवीच्या दिवशीसुद्धा मी तुझ्यावर जळत होतो.

आपण साडू. शेंदूरजनाघाटच्या एका घरच्या दोन बहिणी. थोरली मंदा अमरावतीला माझ्याकडे आली, धाकटी सुनीता अकोल्याला तुझ्याकडे. सख्ख्या भावांची आई निदान दोघांची सारखी असते. साडूंना सासू वाटून घ्यावी लागते, आणि आपली वाटणी कधीच सारखी झाली नाही.

सासूबाई मला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणतात. मी दिसलो की पदर सावरतात. "जावईबापू, तुमी बसा." मी बसायचो. पाण्याचा तांब्या यायचा, चहा यायचा, पेपर यायचा. आणि आतून तुला हाक यायची, "अरे गजानन, येतं का इकडे? ह्या डब्याचं झाकणच निघून नाही राहिलं." तू चुलीपाशी मांडी घालून बसायचास आणि त्यांच्या हातातल्या भाकरीचा पापुद्रा काढून तोंडात टाकायचास. आतलं हसणं ओसरीपर्यंत ऐकू यायचं. एकदा मीही उठून दारापर्यंत गेलो. सगळ्या गप्प झाल्या. सासूबाई घाईने उठत म्हणाल्या, "काही पाह्यजे का जावईबापूंना?" मी म्हणालो, पाणी. बाहेर माझ्या खुर्चीजवळ तांब्या भरलेलाच होता.

मान मिळणाऱ्या माणसाने अशी तक्रार करू नये, हे मला कळतं. पण तुला आता सांगायला काय हरकत आहे? मला तो मान नको होता. मला ते डब्याचं झाकण उघडायचं होतं.

मग तू ती गाडी आणलीस. नागपूरच्या कोणा हौशी माणसाने कधी काळी बांधून घेतलेली, फायबरच्या बॉडीची. आत पलंग, छोटा ओटा, बेसिन, पंखा. त्याची हौस फिटली आणि गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली. आपल्याकडे असलं वाहन कोणी पाहिलं होतं? घेऊन येताना तू तिवशाला चहाला थांबलास, तर एक म्हातारी दवाखान्याची गाडी समजून आत चढली आणि बीपी तपासायला हात पुढे करून बसली. तू तिला चहा पाजलास, नाडी पाहिलीस आणि म्हणालास, "आजी, तुमी माह्यापेक्षा धडधाकट हाये." ही गोष्ट आपल्या सगळ्या नात्यात फिरली. मंदानेही मला दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. गजानन, माझ्या कुठल्या गोष्टीवर मंदा अशी हसल्याचं मला आठवत नाही.

गाडी तू हौसेसाठी घेतलीस असं लोक म्हणत. मला खरं कारण माहीत होतं, कारण तू ते माझ्यासमोर बोललास. सासूबाईंचं घर महानुभाव पंथाचं. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसून प्रवास होत नव्हता, आणि रिद्धपूरला जाऊन दंडवत घालायची त्यांची इच्छा तशीच राहून गेली होती. तू त्यांना म्हणालास, "आई, आत पलंग हाये. तुमी आरामात झोपा. मी रिद्धपूर आलं का उठवतो." मी तिथंच बसलो होतो. किती वर्षं मी त्यांच्या पाठीसाठी डॉक्टरांची नावं आणत होतो, मलमं आणत होतो, पट्टा आणत होतो. आणि तू सरळ पलंगच घेऊन आलास.

गाडीचा मूळ रंग आकाशी आहे, हे पाणी टाकलं तेव्हाच कळायचं. ओली असेपर्यंत निळी, वाळली की पुन्हा पांढुरकी. हात फिरवला तर खडूसारखी भुकटी तळव्याला लागायची. तर संक्रांतीला सासरी दाखवायला न्यायची म्हणून तू काय केलंस? सासरे त्यांच्या दमणीला, म्हणजे बैलाच्या हलक्या गाडीला, जवसाचं तेल लावायचे आणि लाकूड चमकायचं, हे तुला आठवलं. तू फायबरला जवसाचं तेल चोपडलंस.

चमकली असेल, अकोल्यातून निघताना नक्की चमकली असेल. पण दिवस कपाशीचे. रस्ताभर कापसाने भरलेल्या गाड्या, जिनिंगपुढची रांग, हवेत उडणारा पिंजलेला कापूस, वर काळ्या मातीची धूळ. तेलावर ते सगळं बसत गेलं. मी आधीच पोहोचलो होतो. माझी धुतलेली कार कडुनिंबाखाली उभी होती, तिच्याकडे अजून कोणी पाहिलं नव्हतं. वळणावर तुझी गाडी दिसली आणि मला काय दिसतंय तेच कळेना. अंगभर कापूस चिकटलेली, मधूनमधून काळपट, एखादी मोठी मेंढी चालत यावी तशी. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, आता पाहू.

तू खाली उतरलास, गाडीभोवती एक फेरी मारलीस, कमरेवर हात ठेवलेस. आणि सासूबाईंना म्हणालास, "आई, येता येता तुमच्यासाठी गादी बी भरून आणली."

त्या पायरीवर बसल्या, पाठीचं दुखणं विसरून, आणि तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. दुपारभर घरातल्या बाया आणि शेजारपाजारचे लोक गाडीचा कापूस वेचत होते. कोणी म्हणे, वाती होतील. कोणी म्हणे, उशी होईल. माणूस स्वतःची फजिती अशी हातात धरून सगळ्यांना वाटतो आणि लोक त्यालाच जवळ घेतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझी फजिती झाली असती तर मी गाडी फिरवून परत गेलो असतो.

त्यानंतर तुझा फोन आला. "दादा, तेल उन्हानं पिवळं पडलं. गोंदावानी झालं. तुमी चष्मेवाले, रोज काचा घासता. तुमच्याएवढा बारीक घासणारा माणूस आपल्या खानदानात नाही. या." तुला माझी गरज आहे असं तू पहिल्यांदा म्हणालास. मी मंदाला फोनवरचं बोलणं शब्दशः सांगितलं, आणि त्या रविवारी दुकान बंद ठेवून अकोल्याला आलो.

ते रविवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं तुझं दुकान, त्यामागची पत्र्याची शेड, तारेवर वाळत घातलेली फडकी. आधी थिनरने तेलाचा चिकटा काढला. मग पाणी सोडून बारीक वॉटर पेपरने घासायचं. घासताना निळसर दूध वाहायचं आणि आपल्या चपला निळ्या व्हायच्या. मग मशीनला लोकरीची गादी लावून चमक आणायची, म्हणजे रबिंग, आणि शेवटी वॅक्स. सुनीता चहा घेऊन आली की म्हणायची, "दोन जावई मिळून गाडीले आंघोळ घालून राहिले. माह्या आईनं पाहिलं पाह्यजे." तू म्हणायचास, "फोटो नोको काढू. दादाच्या पोटाले निळं लागलं हाये."

आपलं भांडण एकच होतं. मी म्हणत होतो, सरळ रंग मारून टाकू. एका पेंटरला बोलवू, नवी होईल. तू ऐकतच नव्हतास.

"रंग मारला त थे दुसरीच गाडी होईन, दादा. हिचा रंग हिच्यातच हाये. वरचं मेलेलं तेवढं काढा."

"अरे, पण रंगाचा थर पापडाएवढा पातळ आहे. घासून घासून खालची फायबरची जाळी दिसायला लागली तर?"

"म्हणून त तुमाले बलावलं. मी असतो त कवाचीच जाळी काढली असती."

मी चिडून म्हणालो होतो की दोन-तीन उन्हाळ्यांत पुन्हा पांढरी पडेल. तू म्हणालास, "तवा पुन्हा घासू. तुमाले काय दुसरं काम हाये?" हा वाद तसाच राहिला. अजूनही मला वाटतं पेंटच बरा होता. तुला उत्तर देता येत नाही म्हणून मी जिंकलो, असं मात्र होत नाही.

आणि मग तू ते वाक्य बोललास. गंमत म्हणून. "असं करू दादा. उजवी माही, डावी तुमची. पाहू कोणाची चमकते." तू लगेच विसरलास. मी विसरलो नाही. पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा उजवी बाजू झाली होती. मागच्या खिडकीखाली एका जागी तेल आत मुरलं होतं, तिथं हात खरखरीत लागत होता. तू म्हणालास, राहू द्या, तीट लागली. बाकी सगळी काचेसारखी. मी जवळ जाऊन पाहिलं तर त्यात माझा चेहरा दिसला. इतका आंबट चेहरा घेऊन मी आयुष्यभर तुझ्यासमोर वावरलो होतो काय?

त्यानंतर मी आलो नाही. दुकानात गर्दी आहे, मंदाचे गुडघे दुखतात, पाहुणे आहेत. तू एकदाही टोचून बोलला नाहीस. "या सवडीनं. डावी बाजू कुठी पळून नाही राहिली." सासूबाई विचारत, गाडी कधी? तू सांगत होतास, डावी झाली की निघू. तेरवीला सुनीताने मला सांगितलं की शेजारी तुला म्हणायचे, एवढी केली तर तेवढीही करून टाक. तू म्हणायचास, "थे दादाची हाये. मी हात नाही लावत."

उन्हाळा गेला, पावसाळाही सरत आला. गाडी तुझ्या शेडमध्ये माझी वाट पाहत उभी राहिली आणि पोळा झाल्यावर एका सकाळी तू चहाचा कप हातात असताना गेलास.

मंदाला फोन आला. तिने फोन माझ्या हातात दिला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं, आता त्या घरात मी एकटाच जावई. असं वाक्य माझ्या डोक्यात कुठे तयार झालं होतं, कधीपासून तयार होतं, मला माहीत नाही. पुढच्याच क्षणी मी रडायला लागलो. लोकांना वाटलं, साडूसाठी रडतो. तुझ्यासाठी रडलोच, गजानन. पण त्या वाक्यासाठीही रडलो. हे मी मंदाला सांगितलेलं नाही.

तुझ्या घरी सासूबाईंना गादीवर आडवं करून आणलं होतं. सगळ्या बाया रडून थकल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आता मले रिद्धपूरले कोण नेते?" मी समोरच बसलो होतो, हात लांबवला तर पोहोचेल इतक्या जवळ. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. त्यांच्या डोळ्यांवर माझ्याच दुकानातला चष्मा होता. त्यांना मी दिसलो नाही.

तेरवी उलटल्यावर मी सुनीताला एक प्रश्न विचारला. विचारायला नको होता. ती डबे आवरत होती. मी म्हणालो, "सुनीता, गजाननला माझ्याबद्दल कधी काही वाटायचं का? म्हणजे राग, किंवा असं, की दादाला मान मिळतो, आपल्याला नाही..."

तिने हातातला डबा खाली ठेवला. "काय वाटन त्याईले? तुमचा राग?" ती विचारात पडली, खरोखर आठवू लागली. मग म्हणाली, "नाही बा, भाऊजी. काहीच नाही."

मी वाट पाहत होतो की ती म्हणेल, हो, तेही तुमच्यावर जळायचे. निदान एकदा तरी. म्हणजे आपण दोघं एका पातळीवर आलो असतो, मीही तुला माफ केलं असतं आणि हिशेब मिटला असता. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस. एवढी वर्षं मी एकटाच या शर्यतीत धावत होतो आणि तू रस्त्याच्या कडेला कोणाची तरी नाडी पाहत बसला होतास.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. खरं म्हणजे पेंटरला बोलावून आणलं होतं. तो गाडीभोवती फिरला, म्हणाला, "साहेब, दोन्ही बाजूनं मारू, एकसारखी होईन." एकसारखी होईल, हे मलाही पटलं होतं. म्हणजे उजव्या बाजूवरून तुझा हातही पुसला जाणार होता. मला ते हवंसं वाटलं, इतकं हवंसं वाटलं की मी घाबरलो. पेंटरला चहा पाजून परत पाठवलं आणि वॉटर पेपर भिजत घातला.

दुकान भाच्यावर सोपवून मी तुझ्याकडे राहिलो. एकट्याने काम करताना कळलं की तू किती बोलायचास. तू नसताना पेपरचा आवाज मोठा येतो. निळं दूध वाहायला लागलं तेव्हा मी चपला काढून ठेवल्या नाहीत, मुद्दाम. रबिंग करताना मात्र माझं जुनं दुखणं पुन्हा वर आलं. मी मधे मधे उजवीकडे जाऊन पाहायचो. तुझी किती चमकते, माझी किती. अजून थोडी, अजून थोडी. दरवाज्याच्या वरच्या कोपऱ्यावर मी मशीन धरून राहिलो, दाबत राहिलो आणि जळका वास आला. तू सांगितलं होतंस, कोपऱ्यावर दाबू नोका, उलटा हात लावून पाहा. मी उलटा हात लावला, चटका बसला. थर अजून शिल्लक होता. थोडक्यात वाचला.

मी मशीन बंद करून तिथंच टायरला टेकून बसलो. गेलेल्या माणसाशी चढाओढ करून मी सासूबाईंची गाडी फोडणार होतो. सुनीता आली, तिने मशीन बाजूला सरकवलं. मला चहा दिला आणि फडकं घेऊन ती वॅक्स पुसायला लागली. तुझी बाजू पाहायला मी पुन्हा गेलो नाही. नाही, खोटं कशाला बोलू? एकदा गेलो.

परवा आम्ही गाडी शेंदूरजनाघाटला नेली. गिअर तुझ्या हाताला बसलेला, मला शिव्या घालत होता. मंदा आणि सुनीता मागे पलंगावर बसल्या होत्या. संत्र्याच्या बागा लागल्या तशा दोघी खिडकीशी सरकल्या.

सासूबाईंना दोघींनी धरून बाहेर आणलं. त्यांना आता फारसं दिसत नाही, म्हणून त्या गाडीला हात टेकवत टेकवत चालू लागल्या, गाय विकत घ्यायला आलेलं माणूस तिच्या पाठीवरून हात फिरवतं तशा. आधी उजवी बाजू लागली. मागच्या खिडकीखाली त्यांचा तळवा अडला.

"इथं खरबडीत लागते," त्या म्हणाल्या. "हे जावईबापूनं केलं असन."

सुनीताने तोंड उघडलं. मी नको म्हणून मान हलवली. त्या समोरून वळल्या, डावीकडे आल्या. त्यांचा हात सरकत गेला, कुठेच न अडता, दरवाज्यापर्यंत. तिथं त्या थांबल्या. तळवा तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

"अन् हे पाहा," त्या म्हणाल्या. "गजाननचा हात कळते."

मंदा माझ्याकडे पाहत होती. सुनीता हळूच म्हणाली, "भाऊजी, सांगा ना आईले."

मी आयुष्यभर त्या घरात याच वाक्याची वाट पाहिली होती. ते आलं आणि तुझ्या नावावर आलं. मला किती राग आला असेल, तू समजू शकतोस. नाही, तूच समजू शकणार नाहीस. आणि तरी त्या रागाच्या आत, चपलेत पाणी शिरावं तसं, दुसरं काही तरी शिरत होतं. त्यांना तुझा हात अजून सापडतो आहे. तो काढून घेणारा मी कोण?

"हो आई," मी म्हणालो. "त्याचाच आहे."

त्यांना पलंगावर निजवलं. दोन्ही लेकी दोन बाजूंना बसल्या. रिद्धपूरचा रस्ता धरला. डाव्या आरशात गाडीचा आकाशी पत्रा दिसत होता, तू असतास तर म्हणाला असतास, पत्रा नाही दादा, फायबर. त्यात बागा उलट्या पळत होत्या. त्यांना झोप लागली होती बहुतेक. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागून त्यांचा आवाज आला, अर्धवट झोपेतला, पदर न सावरलेला.

"अरे गजानन, हळू घे ना जरा."

मी समोरच्या आरशात पाहिलं. सुनीता माझ्याकडेच पाहत होती.

मी गाडी हळू केली.